चिलखत केव्हा घ्यावे?

एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी, याचा खल आपल्या घरांतून पुष्कळ होतो. ती परवडेल काय, टिकेल काय, तिच्यावाचून खरोखर अडते आहे काय, हे प्रश्न वाडवडिलांनी आपल्या अंगी इतके मुरवले आहेत की दुकानाच्या पायरीवरच ते आपोआप समोर उभे राहतात. परंतु घ्यायचीच असे ठरल्यावर ती केव्हा घ्यावी, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. लग्नाचा आणि वास्तूचा मुहूर्त पंचांगात सापडतो. सोन्याला पाडवा आणि दसरा ठरलेला असतो. बाकीच्या खरेदीचा मुहूर्त ज्याचा त्याने शोधायचा. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मुहूर्ताचा शोध आमच्या कुटुंबात चार महिने चालला होता. वस्तू होती आइस हॉकीच्या गोलरक्षकाचा उंची सरंजाम. स्थळ कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातले एक मध्यम शहर. आणि ज्याच्यासाठी ती घ्यायची तो माझा चौदा वर्षांचा नातू.

बडोद्याच्या माणसाला बर्फावरच्या खेळाचे काय, असे वाचकांना वाटेल. पण या खेळातला गोलरक्षक मला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटला. महाविद्यालयात असताना मी यष्टिरक्षण करीत असे. पायांना पॅड, हातांत मोजे आणि सर्वांच्या पाठीमागे एकट्याने उभे राहण्याची सवय, एवढे भांडवल दोघांचे सारखेच. आमच्या पिढीतल्या बडोदेकरांना १९४७च्या रणजी अंतिम सामन्याची कथा तोंडपाठ असते. होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या, हे सांगताना आमची छाती फुगते. इंदूरचे वाचक मला क्षमा करतील. मला मात्र त्या कथेत नेहमी होळकरांचा यष्टिरक्षक आठवतो. त्या ५७७ धावांत तो बिचारा किती वेळा उठला-बसला असेल!

हे साम्य केवळ माझ्या मनातले नाही. ते इतिहासातही आहे. बर्फावरच्या गोलरक्षकांनी पायांना प्रथम बांधले ते क्रिकेटचेच पॅड. १८९६ साली स्टॅन्ली चषकाच्या सामन्यात विनिपेग संघाचा जॉर्ज मेरिट ते बांधून उतरला, अशी नोंद आहे. पुढे १९२०च्या दशकात हॅमिल्टन गावच्या एमिल केनेस्की नावाच्या कारागिराने त्यांना रुंद आणि जाड रूप दिले. तो मूळचा घोड्यांचे साज शिवणारा. चामड्याच्या खोळीत हरणाचे केस ठासून भरलेले ते पॅड पुढे कित्येक दशके चालले. सामना संपेपर्यंत ते पाणी पिऊन इतके जड होत की तिसऱ्या सत्रात गोलरक्षकाला पाय उचलणे नकोसे होई. आता आत कृत्रिम फोम असतो आणि बाहेर कृत्रिम चामडे. वजन निम्म्याच्या खाली आले. किंमत मात्र उलट दिशेने गेली.

ही किंमत ऐकून मी प्रथम माझ्या श्रवणयंत्राची तपासणी केली. वरच्या दर्जाच्या नुसत्या पॅडच्या जोडीला दोन हजार डॉलरांहून अधिक पडतात. त्याशिवाय झेल घेण्याचा पंजा, दुसऱ्या हाताला ढालीसारखा ब्लॉकर, छाती व बाहू झाकणारे कवच, मुखवटा, जाड विजार, गळ्याचे संरक्षण, गोलरक्षकाचे वेगळे स्केट आणि काठी. सगळे वरच्या दर्जाचे घ्यायचे म्हटले तर पाच हजार डॉलरांचा टप्पा सहज ओलांडला जातो. रुपयांत हिशेब करण्याची खोड मी विमानतळावरच सोडावी, असे कन्येने बजावले होते. तरीही तो झालाच.

ज्या वस्तूपासून हे सारे रक्षण करायचे ती तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची चकती. तिला पक म्हणतात. वजन सुमारे १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतकेच. सामन्यापूर्वी ती गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या काठीवरून ती ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे सुटते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मुलाला चिलखत हवे, याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो उंची चिलखत केव्हा, याबद्दल.

आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवण्याची रीत होती. शाळेची चड्डी आत चार बोटे दुमड ठेवून शिवायची आणि दरवर्षी जूनमध्ये दुमड उसवायची. बुटात पुढे कापूस कोंबून एक वर्ष निभावायचे. काटकसरीचे हे शहाणपण मी त्या दुकानात बोलून दाखवले, तेव्हा तिथला तरुण विक्रेता नम्रपणे हसला आणि त्याने नातवाला पॅड बांधून गुडघ्यांवर बसवले. आजचे बहुतेक गोलरक्षक ज्या पवित्र्यात गोल राखतात त्याला तिकडे फुलपाखरू म्हणतात. दोन्ही गुडघे बर्फावर टेकवायचे, पोटऱ्या बाहेरच्या बाजूंना पसरायच्या आणि पॅडच्या आडव्या भिंतीने गोलाचा तळ बंद करायचा. या वेळी पॅड पायाभोवती फिरतो आणि गुडघा आतल्या ठरावीक गादीवर टेकावा लागतो. पॅड इंचभर लांब असला तर गुडघा गादी चुकवतो, पॅड पुरता फिरत नाही, मांड्यांवरची टोके एकमेकांवर आपटतात आणि सगळा ताण कमरेच्या सांध्यावर येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण म्हणतो. इथे मात्र पाय पाहूनच अंथरूण घ्यावे लागते.

म्हणून पॅडचे माप घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत घेतात, आणि त्यात मांडीवर किती उंची हवी ती मिळवतात. चौदाव्या वर्षी हे माप एका हंगामापुरतेच खरे असते. गेल्या अठरा महिन्यांत नातवाची उंची पाच इंचांनी वाढली होती. दोन हजार डॉलरांचे पॅड त्याला पुढच्या हिवाळ्यात आखूड होणार, हे ज्योतिष सांगायला पंचांग लागत नव्हते. शिवाय वरच्या दर्जाचा पंजा इतका कडक असतो की कोवळ्या मुठीने तो मिटतच नाही; झेल पंजात येतो आणि बाहेर पडतो. उत्तम वस्तू अकाली हाती आली तर ती मदत तर करीत नाहीच, उलट अडवते.

आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या जुन्या शस्त्रांच्या दालनात मी पाहुण्यांना घेऊन कितीदा गेलो असेन. चिलखत ही गोष्ट मापाची असते. ते वारशाने मिळते, पण वारसाच्या अंगाला बसेलच असे नाही. त्या दुकानात हे मला फार जवळून दिसले.

मात्र थांबण्याचा हा नियम सरसकट लावता येत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. गोलरक्षकाच्या सरंजामात दोन जाती आहेत. एक जीव राखणारी आणि दुसरी खेळ सुधारणारी. मुखवटा, छातीचे कवच, गळपट्टा ही पहिली जात. पॅड, पंजा, ब्लॉकर ही बव्हंशी दुसरी. पहिलीचा मुहूर्त मुलाच्या वाढीवर ठरत नाही, समोरून येणाऱ्या पकच्या वेगावर ठरतो. दहाव्या वर्षी पुरेसे असलेले पातळ कवच चौदाव्या वर्षीच्या फटक्यांना पुरत नाही. नातवाच्या दंडावर आणि गळ्याच्या हाडाशी उमटलेले काळेनिळे डाग आम्हाला हेच सांगत होते. तिथे ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणे ही काटकसर नव्हे.

या संदर्भात जावयांनी मला जाक प्लांत या गोलरक्षकाची हकीकत सांगितली. माँट्रियलच्या या खेळाडूने काचतंतूंचा मुखवटा करवून घेतला होता आणि सरावात तो वापरतही होता. परंतु सामन्यात तो घालण्यास त्याच्या प्रशिक्षकाचा विरोध होता. मुखवट्याने दृष्टी अडते, आणि तो घालणारा भ्याला असे दिसते, ही त्या काळची समजूत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने प्लांतचा चेहरा फाटला. टाके घालून झाल्यावर त्याने मुखवट्याशिवाय परत उतरण्यास नकार दिला. संघापाशी दुसरा योग्य गोलरक्षक नव्हता. प्रशिक्षकाला मान तुकवावी लागली. माँट्रियलने तो सामना जिंकला आणि त्या हंगामाअखेरचा स्टॅन्ली चषकही. तरीही मुखवट्यावाचून खेळणारे गोलरक्षक नॅशनल हॉकी लीगमध्ये १९७४पर्यंत होते. वस्तू तयार असते, गरज समोर असते. फक्त घालण्याची वेळ आली असे म्हणायला कोणी धजत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू स्केटच्या पात्याने गळा कापून मरण पावला, त्यानंतर गळ्याच्या संरक्षणाची सक्ती किती ठिकाणी आली! वेळ कळण्यासाठी प्रत्येक वेळी एवढे मोल द्यावे लागू नये.

याउलट, मुखवट्यातही दिखाऊ भाग असतो. व्यावसायिक गोलरक्षक मांजराच्या डोळ्यांसारख्या रुंद फटींची जाळी लावतात. नातवाला तीच हवी होती. परंतु त्या फटीतून काठीचे टोक आत जाऊ शकते, म्हणून कॅनडात मुलांच्या सामन्यांत ती चालत नाही. प्रमाणित जाळीच लागते. हा मुद्दा नियमानेच निकालात काढला, हे बरे झाले.

आता बाजाराचा मुहूर्त. नवे नमुने दुकानात आले की मागच्यांची किंमत उतरते. वस्तू तीच, रंगपट्टा जुना. हंगाम संपता संपता खरेदी करणाऱ्याला आणखी एक लाभ होतो. नवे पॅड आणि विशेषतः नवा पंजा रुळावा लागतो. आम्ही नव्या बॅटला जवसाचे तेल पाजून, जुन्या चेंडूने ठोकून ठोकून आठवडे घालवीत असू, तसेच हे. निवडचाचणीच्या आदल्या आठवड्यात नवा पंजा घालणारा मुलगा कडक पुठ्ठ्याने झेल घेत असतो. आणि नियमही बदलतात. २००५ साली नॅशनल हॉकी लीगने पॅडची रुंदी बारा इंचांवरून अकरावर आणली, तेव्हा चांगले धडधाकट पॅड एका कागदाने निरुपयोगी झाले. फार आधी घेऊन ठेवण्यातही शहाणपण नाही, ते असे.

इतके सारे कळल्यावर निर्णय सोपा व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण घरात प्रत्येकाचे घड्याळ निराळे होते.

नातवाचे म्हणणे, आत्ता. तो संघातला दुसरा गोलरक्षक. पहिल्याच्या पायांत वरच्या दर्जाचे पॅड. दोघांच्या खेळातला फरक त्या पॅडचाच आहे, असे तो म्हणत नसे. पण पाहताना त्याची नजर तिथेच जाई. जावयांचे म्हणणे, दोन वर्षांनी. त्यांनी कागदावर आकडे मांडले होते: बर्फाच्या मैदानाची वर्गणी, प्रवास, गोलरक्षकाची वेगळी शिकवणी, आणि घराचा हप्ता. त्यांच्या बोलण्यात कंजूषपणा नव्हता. पाय वाढायचा थांबेल तेव्हा घेऊ, इतकेच. कन्येची शंका आणखी खोल होती. ती म्हणाली, “बाबा, पंधराव्या-सोळाव्या वर्षी कितीतरी मुलं खेळ सोडतात. एवढं महागाचं घेऊन दिलं, तर उद्या त्याला सोडावंसं वाटलं तरी तो सोडू शकणार नाही. मला त्याच्या पायांत पॅड हवेत, बेडी नको.”

आणि माझे घड्याळ? मी सत्याहत्तर वर्षांचा आहे. महाविद्यालयात आमच्या संघाची एकच किटबॅग होती. यष्टिरक्षणाचे मोजे त्यातलेच. तळव्याचे दाणेदार रबर झिजून गुळगुळीत झालेले, आतून दुसऱ्याच्या घामाचा वास येणारे. वडिलांची कारकुनी, पाच भावंडे; स्वतःच्या मोज्यांचा विषय मी घरात कधी काढला नाही. ते घेतले नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्वतःच्या पगारातून. तोवर माझे क्रिकेट रविवार सकाळपुरते उरले होते. ते मोजे उत्तम होते आणि जवळजवळ कोरेच राहिले. म्हणून निवृत्तिवेतनातून बाजूला ठेवलेली रक्कम मी त्या घरात पुढे केली आणि म्हणालो, पैसे माझे, हौस माझी, आत्ताच घ्या.

कन्या थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “बाबा, हे त्याच्यासाठी आत्ता द्यायचंय, की तुमच्यासाठी?”

या प्रश्नाला मी त्या रात्री उत्तर दिले नाही. खरे उत्तर होते, दोघांसाठी. वस्तूला एक योग्य वेळ असते, घेणाऱ्याला एक असते आणि देणाऱ्यालाही एक असते. तिन्ही जुळून आल्या तर तो योग. बहुधा त्या जुळत नाहीत. दोन वर्षांनी नातवाच्या पायाचे माप ठरेल तेव्हा माझे वय एकोणऐंशी असेल. त्या वेळी दुकानात त्याच्याशेजारी उभे राहून पट्टे कसे बांधतात ते पाहण्याची मला इच्छा आहे, एवढेच माझ्या ‘आत्ता’मागचे कारण होते. ते कारण लाजण्यासारखे नव्हते, पण त्यासाठी मुलाच्या गुडघ्याने गादी चुकवावी, हेही योग्य नव्हते. देणाऱ्याने आपल्या वेळेचा हट्ट धरला की देणगीचे माप देणाऱ्याचे होते, घेणाऱ्याचे राहत नाही.

शेवटी आम्ही वाटणी केली. छातीचे कवच, गळपट्टा आणि मुखवटा त्याच आठवड्यात नवे घेतले, आणि त्यांत दर्जाची कसर केली नाही. मुखवटा वापरलेला घेऊ नये, असे सर्वांनीच सांगितले; आतली भेग बाहेरून दिसत नाही. पॅड आणि पंजा हंगामाच्या शेवटी, मधल्या दर्जाचे, मागच्या वर्षीच्या नमुन्याचे, पण नेमक्या मापाचे. ते पुढे आखूड झाले की आणखी एखाद्या लहान मुलाला विकता येतील. या खेळात जुन्या साहित्याची उलाढाल मोठी आहे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. अगदी लहान मुलांना तर अनेक ठिकाणी स्थानिक मंडळेच हंगामापुरता गोलरक्षकाचा संच देतात. आमच्या एकुलत्या किटबॅगेचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणायची. उंची पॅडची रक्कम मी कन्येच्या स्वाधीन केली.

ती रक्कम केव्हा मोडायची, यासाठी दोन खुणा ठरल्या. पहिली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे माप सलग वर्षभर बदललेले नसावे. दुसरी खूण नातवानेच सुचवली. सामना संपला की हा सारा सरंजाम घामाने आणि वितळलेल्या बर्फाने चिंब होतो. पिशवीत तसाच राहिला तर कुजतो आणि तळघरात पाय ठेववत नाही. तो काढून वाळत घालण्याचे काम आजवर बहुतेक वेळा त्याची आई करीत असे. ते न सांगता, न चुकता, हरलेल्या रात्रीसुद्धा त्याने स्वतः केले तर वस्तूचा मान राखण्याइतका तो मोठा झाला, असे समजायचे. माप शरीराचे कळते; हे दुसरे माप कोणत्याही दुकानात घेत नाहीत. आणि मधल्या काळात खेळ सोडावासा वाटला, तर ती रक्कम ज्या कशात त्याचे मन रमेल त्यासाठी. त्याबद्दल कोणी काही विचारायचे नाही. या शेवटच्या कलमावर कन्येने माझ्याकडे पाहिले, आणि त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले असावे.

मी परत बडोद्याला आल्यापासून दर तीन महिन्यांनी नातू फोनवर मला एक आकडा कळवतो. “आबा, साडेपंधरा,” एवढेच. मी तो रोजनिशीत तारखेसह उतरवून ठेवतो. सामान वाळत घालण्याचा तपशील त्याची आई स्वतंत्रपणे देते; तो समाधानकारक आहे. मागच्या खेपेस आकडा आला पावणेसोळा. पोरगा वाढतो आहे. मला मनापासून आनंद झाला, आणि त्याच वेळी जाणवले की खरेदी आणखी एका वर्षाने पुढे गेली. रोजनिशीत मी आकडा लिहिला, आणि पुढच्या तिमाहीच्या पानावर खूण घालून ठेवली.